रोज 224 पोळ्या, आणि मुलगा म्हणतो आता बस कर

या वेळचं पत्र नारायण पेठेतनं आलंय. थोडं कापून देतेय, बाकी शब्द त्यांचेच.

"ताई नमस्कार. माझं वय 61. मिस्टरांची कंपनी बंद पडली तेव्हा, म्हणजे 1998 ला, डबे सुरू केले ते अजून चालू आहेत. सगळी अभ्यासाला आलेली मुलंमुली, एमपीएससी-यूपीएससीवाली. सध्या 28 डबे, दोन्ही वेळचे, महिन्याला 3,000. हाताखाली दोघीजणी आहेत, त्यातली एक 9 वर्षांपासून. सगळा खर्च जाऊन 22-24 हजार हातात राहतात. मिस्टर 2019 ला गेले. मुलगा हिंजवडीत चांगल्या पगारावर आहे, बालेवाडीला थ्री बीएचके घेतलाय. तो म्हणतो आई आता पैशाची गरज काय, खूप केलंस, डबे बंद कर, इकडे ये, आराम कर. पेठेतलं घर विकून टाकू म्हणतो. खोटं कशाला बोलू, गरज नाहीच आहे. माझे 14 लाख बँकेत एफडीत, 6 लाख पतसंस्थेत, मिस्टरांच्या मागे पेन्शन 1,180 येते. मागच्या मे महिन्यात गॅसपाशी चक्कर येऊन खाली बसले तेव्हापासून तो जास्तच मागे लागलाय. त्याला लोक विचारतात म्हणे, तू एवढा कमावतोस आणि आई डबे करते? पण माझा पाय निघत नाही. गरज नसताना काम करत राहणं हा हावरटपणा आहे का? ता. क. सुनेला सातवा लागलाय, सगळं नीट आहे."

ताई, पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुमचा मुलगा गुणी वाटला, दुसऱ्यांदाही वाटला, आणि तिसऱ्यांदा वाचताना तुमच्या त्या ता. क. वर नजर अडकली. त्यावर येते नंतर.

आधी तो हावरटपणा शब्द खोडून टाका. 28 डबे, डब्यात चार पोळ्या धरल्या तर एका वेळेला 112, दिवसाला 224. एवढ्या पोळ्या लाटून महिन्याला 22 हजार मिळवणाऱ्या बाईला हावरट म्हणायचं असेल तर मग तुमच्या मुलाच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना काय म्हणायचं ते त्यालाच विचारा. हिंजवडीत एवढ्या पगाराच्या माणसाला कुणी कधी म्हणतं का, की अरे तुझा फ्लॅट फिटला, आता कशाला जातोस रोज त्या ट्रॅफिकमधनं? नाही म्हणत. त्याच्या कामाला करिअर म्हणतात, तुमच्या कामाला मात्र "गरज" म्हणतात आणि ती गरज संपली की काम संपलं असं सगळे धरून चालतात. तुम्ही पण धरून चाललाय, म्हणून तर मला विचारताय.

माझं सांगते. मी बँकेत होते. 2000 साली सरकारी बँकांनी व्हीआरएस काढली होती, आठवत असेल तुम्हाला, तेव्हा पेठेत घरोघरी तोच विषय. 15 वर्षं नोकरी झालेली असली किंवा वयाची चाळिशी गाठलेली असली की अर्ज करता यायचा, आणि झालेल्या प्रत्येक वर्षाला 60 दिवसांचा पगार या हिशोबानं (किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, जे कमी असेल ते) रक्कम हातात यायची. देशभरातनं लाखभर लोक बाहेर पडले त्यात. मी त्यातली एक. तेव्हा मी 43 ची, मुलं मोठी होत आलेली, ह्यांची नोकरी पक्की, घराचं कर्ज संपत आलेलं. सगळे म्हणाले सोड की, काय कमी आहे? आणि खरंच काही कमी नव्हतं.

पहिले दोन महिने मस्त गेले. माळे आवरले, पडद्यांची कापडं आणली, दुपारची झोप काढली. तिसऱ्या महिन्यापासनं हळूहळू लक्षात यायला लागलं की मी काम सोडलेलंच नाहीये, फक्त पगार सोडलाय. शेजारच्यांची किल्ली माझ्याकडे, गॅसवाला येणार तर मी घरी, नणंदेच्या मुलाला क्लासला सोडायचं तर मी, सासऱ्यांचे दात काढायला न्यायचं तर मी, "तू काय घरीच असतेस" हे वाक्य दिवसातनं चारदा. आणि यातलं एकही काम वाईट नव्हतं ओ, म्हणून तर नाही म्हणता येईना. बँकेत असताना पाचला काउंटर बंद झाला की बंद, घरात काउंटर बंद व्हायची सोयच नसते.

दुसरी एक गोष्ट झाली ती जास्त विचित्र. माझ्या नावावर चांगली रक्कम होती, आयुष्यात पहिल्यांदाच इतकी. आणि मला साडीला फॉल-पिको करायचे पैसे द्यायला जीव होईना. पगार यायचा तेव्हा मी न विचारता, न मोजता बहिणीला हजार रुपये देऊन यायचे. आता एफडी मोडायची म्हटलं की हात थबकायचा, आणि ह्यांच्याकडे मागायचं तर तोंड उघडायचं नाही. म्हणजे पैसा वाढला होता आणि खर्च करायची हिंमत गेली होती. दर महिन्याला येणारा पैसा आपला वाटतो, ठेवलेला पैसा "ठेवलेला" वाटतो. हे मी 22 वर्षं काउंटरपलीकडच्या बायकांमध्ये बघत होते, पासबुक भरून घ्यायला यायच्या, पैसे काढायला कधी नाही, आणि तरी स्वतःवर वेळ येईपर्यंत कळलं नव्हतं. शेवटी वर्षभरानं टिळक रोडला एका स्टेशनरीच्या दुकानात आठवड्याला तीन दिवस हिशोब लिहायला जायला लागले. 1,500 रुपये महिना. ह्यांनी विचारलं, रिक्षाला तरी पुरतात का? पुरायचे नाहीत कधी कधी. पण तीन दिवस मी घरी नसायचे.

तर "गरज काय" याचं तुमच्या मुलानं मांडलेलं गणित बघू, कारण मला ते अर्धंच वाटतंय. त्यानं त्याचा पगार धरलाय. आपण फक्त तुमचं धरू. 14 आणि 6 मिळून 20 लाख. तुम्ही साठी ओलांडली आहे, म्हणजे पोस्टात किंवा बँकेत सीनियर सिटिझनची जी बचत योजना आहे त्यात 30 लाखांपर्यंत ठेवू शकता. 2023 पासून तिथे 8.2 टक्के चाललंय, सरकार दर तिमाहीला आकडा बदलू शकतं पण एकदा तुम्ही ठेवलेत की तुमच्यापुरता पाच वर्षं तोच दर. सगळे 20 लाख ठेवलेत तर तीन महिन्यांनी 41,000, म्हणजे महिन्याला साधारण 13,700, त्यात पेन्शन मिळवली की पंधराला थोडे कमी. आज पेठेत स्वतःच्या घरात एकटीला पुरतील, काटकसरीनं. पण व्याज तेवढंच राहणार आणि भाज्या काही तेवढ्याच भावानं मिळणार नाहीत. महागाई वर्षाला 6 टक्के धरली तर 12 वर्षांत खर्च दुप्पट होतो. तुम्ही तेव्हा 73 च्या असाल, आणि तुमच्या हाताला बघता 73 म्हणजे काही फार नाही.

म्हणजे "गरज नाही" हे वाक्य "मुलगा आहे म्हणून गरज नाही" असं आहे. असू दे, मुलगा असतोच त्यासाठी, त्यात कमीपणा नाही. पण ते वाक्य पूर्ण म्हणा, अर्धं म्हणू नका, कारण अर्ध्या वाक्यावर घर विकलं जातं.

एफडीतले 14 लाख एकाच बँकेत असतील तर हेही बघा की बँक बुडाली तर ठेवींचा विमा माणशी, बँकेमागे 5 लाखांपर्यंतच असतो (2020 पासून, त्याआधी एकच लाख होता). आणि पतसंस्थेतल्या 6 लाखांना तर तो विमाही नाही. पुण्यात सहकारी बँकांच्या दारात रांगा लावलेली म्हातारी माणसं आपण दोघींनी बघितली आहेत, त्यामुळे जास्त लिहीत नाही. आधी ते सहा मुदत संपेल तसे बाहेर काढा. ओळखीचा चेअरमन आहे, घरी येऊन व्याज देतो वगैरे ऐकायचं नाही.

घराचं. मिस्टर मृत्युपत्र न करता गेले असतील, आणि बहुतेकांचं तसंच असतं, तर त्यांच्या नावावरचं घर आपोआप तुमच्या एकटीचं होत नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं बायको, मुलं, मुली आणि त्यांची आई हयात असेल तर ती, सगळ्यांचा सारखा वाटा. तुम्हाला हा एकच मुलगा असेल आणि सासूबाई तेव्हा नसतील तर निम्मं तुमचं, निम्मं त्याचं. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे मालकी झाली असं नसतं. याचा अर्थ मुलगा फसवेल असा नाही हो, मी त्याच्यावर काही शिंतोडे उडवत नाहीये. पण हक्कसोडपत्र म्हणून कुठला कागद समोर आला तर त्यावर त्याच दिवशी सही करू नका, तुमच्या ओळखीच्या, त्याच्या नाही, वकिलाला दाखवा. आणि मला विचाराल तर ते घर निदान दोन-तीन वर्षं तरी विकूच नका. बालेवाडीला जाऊन बघा, राहून बघा, पण परत यायला एक दार राहू दे. विकलेल्या पेठेत पुन्हा घर घेणं तुमच्याच्यानं नाही, तुमच्या मुलाच्याच्यानं पण कठीण.

आता ता. क.

सुनेला सातवा. म्हणजे दोन-अडीच महिन्यांत बाळ. पहिल्या बाळाला पगारी बाळंतपणाची रजा 26 आठवडे असते, म्हणजे सहा महिने, त्यातले काही आठवडे आधीच निघून जातात. मग ती ऑफिसला जाणार. आणि नेमकं ह्याच वेळेला आईला आरामाची गरज आहे हे सगळ्यांना कळलंय!

चिडू नका माझ्यावर. मुलगा लबाडी करतोय असं मला वाटत नाही, त्याला स्वतःलाही हे कळलेलं नसेल, मनात दोन गोष्टी शेजारी शेजारी असतात आणि माणूस त्यातली चांगली दिसणारी बोलतो. पण तुम्ही तीस वर्षं भाजीवाल्याशी घासाघीस केलेल्या बाई आहात, तराजू हातात असताना दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघितल्याशिवाय तुम्ही कधी पैसे दिलेत का? त्यानं तुमच्यापुढे ठेवलंय ते "डबे की आराम". खरं पारडं आहे "डबे की बाळ". आणि बाळ म्हणजे आराम नाही. सहा महिन्यांचं बाळ सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात, आणि हिंजवडीवाल्यांची साडेसात म्हणजे साडेआठ, ते 224 पोळ्यांपेक्षा जड आहे, कारण पोळी निदान रडत नाही आणि अकराला डबे गेले की तासभर तरी पाठ टेकता येते.

आता कदाचित तुम्हाला ते बाळ हवं असेल. पहिलं नातवंड आहे, तुमचा जीव तिकडे ओढत असेल, आणि तुम्ही लाजून ते ता. क. मध्ये घातलं असेल. तसं असेल तर छान आहे, जा. पण आराम म्हणून जाऊ नका, काम म्हणून जा, दिवस आणि तास ठरवून. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस मी, दोन दिवस पाळणाघर किंवा बाई किंवा सुनेची आई. 50 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय करणं 2017 च्या दुरुस्तीनं कायद्यात आहे, सुनेला म्हणावं आधी तुझ्या एचआरला विचार, मग मला विचार. हे सगळं बाळ यायच्या आधी बोलायचं. एकदा ते मांडीवर आलं की तुम्ही काही बोलणार नाही, मला माहितेय, मी पण नव्हते बोलले.

मुलाचं एका बाबतीत मात्र शंभर टक्के बरोबर आहे. ती चक्कर. मे महिना, पुण्याचा चाळीसचा पारा, पेठेतलं स्वैपाकघर, खिडकीला बहुतेक समोरच्या बिल्डिंगची भिंत, दोन शेगड्या पेटलेल्या, आणि सकाळपासनं चहावर असलेली 61 वर्षांची बाई. ताई, याला हिंमत नाही म्हणत. तुम्ही पत्रात "खाली बसले" असं लिहिलंत, "पडले" असं नाही लिहिलंत, त्यावरनं मला कळलं की डॉक्टरकडे गेला नाहीत. जा. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, ईसीजी, एवढं तरी करून घ्या, आणि हे झाल्याशिवाय पुढचं काही वाचू नका असं खरं तर लिहिणार होते. मेडिक्लेम आहे का तेही लिहिलेलं नाही. नसेल तर तुमच्या नावानं स्वतंत्र घ्या, पासष्टीनंतर विमा मिळत नाही वगैरे जुनं झालं, 2024 पासून वयाची ती अटच काढलीय, हप्ता मात्र चांगलाच असतो आणि आधीपासनं असलेल्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून आत्ता. मुलाला काही द्यायचंच असेल ना आईला, तर म्हणावं आरामाऐवजी याचा हप्ता दे.

लोक त्याला काय विचारतात, तो त्याचा प्रश्न आहे. म्हणावं सांग त्यांना, आईच्या डब्यावर शिकलो. यापुढे त्यावर मी वेळ घालवत नाही.

पण "गरज" या शब्दात आणखी दोघीजणी आहेत ज्यांना तुमच्या मुलानं धरलेलंच नाही. तुम्ही डबे बंद केलेत तर तुमचे 22 हजार जातात, त्यावाचून तुमचं अडत नाही, ठीक. त्या दोघींचं अडतं. नऊ वर्षं जी बाई तुमच्या परातीत कणीक मळतेय तिला तुमचा तिखट-मिठाचा हात पाठ झाला असणार, कुठल्या मुलाला कांदा-लसूण नको, कुणाचा उपास कधी, कोणाचे पैसे दहा तारखेनंतरच येतात, सगळं तिला ठाऊक असणार. आणि ती मुलं. तुम्हीच पत्रात पुढे लिहिलंय, मी वर कापलं होतं, की ऑगस्ट 2024 मध्ये मुलं शास्त्री रस्त्यावर रात्रभर रस्त्यात बसून होती, एमपीएससीची पूर्वपरीक्षा आणि बँकेची आयबीपीएस एकाच दिवशी आली होती म्हणून, तेव्हा तुम्ही डबे तिकडे पाठवलेत आणि कुठला डबा कुणाचा हे अंधारात कळेना म्हणून मुलांनी मिळून खाल्लं. पत्रातलं सगळ्यात लांब वाक्य ते होतं. एफडीबद्दल तुम्ही अर्ध्या ओळीत लिहिलंय.

म्हणून मी तुम्हाला बंद करा पण म्हणणार नाही आणि असंच चालू ठेवा पण म्हणणार नाही. 224 पोळ्या या वयाला जास्त आहेत. हे मुलगा म्हणतो म्हणून नाही, गुडघे म्हणतात म्हणून.

रात्रीचे डबे त्या नऊ वर्षांवालीला देऊन टाका. पगारावर नाही, तिचेच म्हणून. स्वैपाकघर तुमचं, भांडी तुमची, संध्याकाळी पाचनंतर शेगडी तिची. भाजी-किराणा ती आणेल, मुलांकडनं पैसे ती घेईल, तुम्हाला गॅस-वीज-भांड्यांचे म्हणून महिन्याला काही ठरवून देईल. सुरुवातीला बिचकेल, उधारी कशी वसूल करायची म्हणेल, दोन महिने तुम्ही शेजारी उभं राहा, पण हात लावायचा नाही. हे तुम्हाला सगळ्यात अवघड जाईल, तिची आमटी पातळ झालेली दिसली तरी गप्प बसणं. (मी आमच्या सुनेच्या वरणाबाबतीत सहा वर्षं प्रयत्न करतेय.)

सकाळचे तुमचे. 28 नाही, 20. दर वाढवा. एका वेळेचे महिन्याला 2,000 घ्या, आत्ताच्या बाजारात जास्त नाहीत, तुम्ही दोन्ही वेळचे 3,000 घेताय हेच मुळात स्वस्त आहे आणि तुम्हाला ते माहिती आहे, पण मुलं गरिबाघरची म्हणून वाढवत नाही. मग असं करा, वीसमधले तीन-चार जुन्या दरानं ठेवा, कोण ते तुम्हालाच कळेल, बाकीच्यांना नवा. गरज नसताना काम करण्याचा खरा फायदा तोच आहे बघा, की कुणाला सूट द्यायची ते आपण ठरवू शकतो. पोळ्या 224 वरनं 80 वर येतील. किराणा, गॅस आणि दुसऱ्या ताईंचा पगार जाऊन हातात दहाएक हजार राहतील. ते व्याजात मिसळू नका, वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यातलेच खर्च करा, बहिणीला द्या, तुळजापूरला जाऊन या, एसटीत आपल्याला निम्मंच तिकीट आहे. एफडीला हात लावायचा विचार त्या खात्यामुळे येणारच नाही.

अकरा-साडेअकराला डबे गेले की तुम्ही मोकळ्या. पेठेत राहून एक ते चार झोपत नाही म्हणजे काय, नियमाला धरून नाही ते. रविवारी सकाळची फिस्ट तेवढी ठेवा आणि ती झाली की बालेवाडीची बस पकडा, मनपावरनं मिळते, सोमवारी मात्र सुट्टी जाहीर करा आणि मंगळवारी सकाळी भाजी चिरायला हजर. दोन रात्री मुलाकडे. बाळ आल्यावर त्या तीन करता येतील, तेव्हा सकाळचे डबे 20 वरनं 12 होतील किंवा तेही तिच्याकडे जातील. ते तेव्हाचं तेव्हा बघू, आणि त्या वेळी बंद करावंसं वाटलं तर बंद करा, मला कळवायची पण गरज नाही. फक्त ते तुम्हाला वाटलेलं असू दे.

मुलाशी बोलायचं ते पोळ्या लाटताना नाही आणि फोनवर तर नाहीच. रविवारी त्याच्याकडे गेलात की जेवणं झाल्यावर, सून पण बसलेली असताना. पहिलं वाक्य मी देते: "डॉक्टरकडे जाऊन आले, हे रिपोर्ट." तिथनं सुरू केलंत की त्याची निम्मी काळजी टेबलावरच मिटते, मग रात्रीचे डबे दिल्याचं सांगा, मग बाळाचे दिवस कसे वाटायचे ते तुम्हीच विचारा, त्यानं विचारायची वाट बघू नका. तो म्हणेल आई कशाला एवढं, आम्ही बघू. तेव्हा कॅलेंडर आणायला सांगा.

आणि दरवाढ तोंडी सांगायची नाही, तुमच्याच्यानं होणार नाही, एखादा पोरगा "मावशी या महिन्यात जरा" म्हणाला की तुम्ही विरघळणार. चिठ्ठ्या लिहून डब्यात टाका, महिना संपायच्या आठ दिवस आधी, सगळ्यात वरच्या पुडात, पोळ्यांवर नाही, नाहीतर तुपानं अक्षर पुसतं.